पिवळ्या मातीतले शंख : हिमयुग सरल्यावर गोगलगायींच्या वस्त्या कशा बदलल्या

मध्य युरोपात ऱ्हाइन आणि डॅन्यूब नद्यांच्या खोऱ्यांत, तसेच चेक प्रजासत्ताकाच्या मोराव्हिया भागात, विटांसाठी खणलेल्या जुन्या खाणींमधून पिवळसर मातीच्या उभ्या भिंती आजही दिसतात. या मातीला भूशास्त्रात लोएस म्हणतात. ती बोटांत चोळली तर मैद्यासारखी लागते, कारण ती वाऱ्याने आणून टाकलेली धूळ आहे. तिचा काही किलोंचा नमुना पाण्यात भिजवून अर्धा मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीवर धुतला, की गढूळ पाणी निघून जाते आणि चाळणीवर थोडी वाळू, चुनखडीचे खडे आणि पांढरे पडलेले इवलेसे शंख शिल्लक राहतात. हा ऐवज वाळवून गडद रंगाच्या ताटलीत पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक शंख उचलायचा, हे काम तांदूळ निवडण्याच्या जातीचे आहे. फक्त येथे दाण्यांतून खडा काढायचा नसून खड्यांतून दाणा शोधायचा असतो.

लोएसच्या अशा नमुन्यात शंख शेकड्यांनी मिळू शकतात, पण त्यांच्या जाती बहुधा बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. त्याच प्रदेशातील एखाद्या झऱ्याकाठी सहा-सात हजार वर्षांपूर्वी साचलेल्या चुन्याच्या थरातून तेवढाच नमुना धुतला, तर जातींची संख्या कितीतरी पटींनी वाढते आणि लोएसमधल्या ओळखीच्या चेहऱ्यांपैकी बहुतेक तेथे दिसत नाहीत. या दोन नमुन्यांच्या मध्ये शेवटच्या हिमयुगाचा शेवट येतो. तेव्हा नेमके काय घडले, याचे सर्वसाधारण उत्तर असे दिले जाते की हवा तापली, थंडीला सरावलेले प्राणी उत्तरेकडे सरकले आणि उबेत राहणारे दक्षिणेकडून वर आले. गोगलगायींचा पुरावा बारकाईने पाहिला तर हे उत्तर अपुरे ठरते. एक वस्ती उठून दुसरीकडे गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, असे झालेले नाही. जुनी वस्ती मोडली, तिच्यातील प्रत्येक जात आपापल्या वाटेने गेली आणि नव्या वस्त्या कित्येक हजार वर्षे एकेका पाहुण्याने भरत गेल्या.

पुढे जाण्यापूर्वी आकाराविषयी एक खुलासा केला पाहिजे. ‘गोगलगाय’ म्हटले की आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर चढणारी, किंवा २०२२ च्या खरिपात लातूर-बीड भागात सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करणारी मोठी शंखी गोगलगाय डोळ्यांसमोर येते. या लेखातील बहुतेक मंडळी ज्वारीच्या दाण्याएवढी, काही तर बाजरीच्या दाण्याहूनही लहान आहेत. जमिनीवरच्या गोगलगायींचे वैविध्य सगळीकडे अशा लहानग्यांमध्येच अधिक असते. आपले लक्ष मोठ्यांकडे जाते इतकेच.

गोगलगायीचा शंख कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याच्याच कुळातील पदार्थाचा असतो. आजूबाजूची माती चुनायुक्त असली तर तो हजारो वर्षे टिकतो आणि आम्लधर्मी असली तर काही वर्षांतच विरघळतो. परागकणांचे याच्या नेमके उलट आहे. ते दलदलीत, आम्लधर्मी आणि प्राणवायूविरहित चिखलात उत्तम टिकतात आणि कोरड्या, चुनायुक्त मातीत नाश पावतात. त्यामुळे जुन्या वनस्पतींचा इतिहास प्रामुख्याने तळ्या-दलदलींच्या तळाशी लिहिला गेला, तर कोरड्या उतारांचा, दऱ्यांचा आणि कपारींचा इतिहास शंखांनी सांगितला. दुसरा फरक माझ्या मते याहून महत्त्वाचा आहे. देवदारासारख्या वृक्षांचा पराग वाऱ्यावर कित्येक किलोमीटर उडून येतो, म्हणून थरात पराग सापडला तरी झाड तेथेच होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. गोगलगाय मात्र जन्मभर काही मीटरांच्या परिघात वावरते आणि तेथेच मरते. तिचा शंख त्या जागेची साक्ष देतो. शेजारच्या टेकडीची नाही.

साक्षीदार चांगला असला तरी उलटतपासणी करावी लागतेच. शंख मोडतात, म्हणून मोजणी करताना तुकडे न मोजता प्रत्येक शंखाचे टोक किंवा मुख मोजतात. म्हणजे एकच गोगलगाय दोनदा धरली जात नाही. सेसिलिऑइडीस अ‍ॅसिक्युला नावाची सुईसारखी, आंधळी गोगलगाय जमिनीत खोलवर शिरून राहते आणि तिथेच मरते, त्यामुळे कालपरवाची असूनही ती हजारो वर्षांपूर्वीच्या थरात हजर असते. जाणकार तिला हिशेबाबाहेर ठेवतात. काळ ठरवतानाही एक मेख आहे. किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने शंखाचे वय काढताना, त्या गोगलगायीने चुनखडी खाऊन कोट्यवधी वर्षांपूर्वीचा ‘मृत’ कार्बन आपल्या शंखात घातलेला असू शकतो, आणि मग वय खऱ्याहून जास्त येते. म्हणून शक्य तेथे त्याच थरातील कोळशाच्या किंवा बियांच्या वयावर भरवसा ठेवला जातो.

आता मूळ चित्राकडे वळू. सुमारे २६,००० ते १९,००० वर्षांपूर्वीच्या काळात उत्तर युरोपावर पसरलेली हिमाची चादर दक्षिणेकडे उत्तर जर्मनी आणि पोलंडपर्यंत आली होती, आल्प्स पर्वतावर हिमनद्यांचे स्वतंत्र साम्राज्य होते, आणि या दोहोंच्या मधला बर्फमुक्त पट्टा थंड, कोरडा आणि वाऱ्याने झोडपलेला होता. हिमनद्यांनी दळलेले खडकांचे पीठ नद्यांच्या पात्रांत पसरे, वारा ते उचलून नेई आणि गवतात अडकून ते थरावर थर साचे. अशा प्रकारे लोएस तयार झाली. ती चुनायुक्त असल्यामुळे तिच्यावर राहणाऱ्या गोगलगायींना शंखासाठी चुना मिळाला आणि मेल्यानंतर ते शंख जपलेही गेले. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांनी १८३० च्या दशकात ऱ्हाइन खोऱ्यातील लोएसविषयी लिहिले तेव्हा तिच्यातील शंखांचीही दखल घेतली होती, म्हणजे या साक्षीदारांची ओळख तशी जुनीच आहे.

त्या शंखांतील नेहमीची नावे अशी : पिंपाच्या आकाराची प्युपिला मस्कोरम आणि तिची बहीण प्युपिला लोएसिका, चपटी आणि पातळ ओठांची व्हॅलोनिया टेन्युइलॅब्रिस, उभ्या दंडगोलासारखी कोलुमेला कोलुमेला आणि ओलसर जागी राहणारी सक्सिनेला ओब्लोंगा. या सगळ्यांची उंची किंवा रुंदी साधारण तीन मिलिमीटरच्या आसपास, शेवटची तेवढी थोडी मोठी. त्यांच्या वस्तीत जाती थोड्या, पण प्रत्येक जातीची माणसे, म्हणजे गोगलगायी, अमाप. कठीण हवामानातील वस्त्या बहुधा अशाच असतात. टिकणारे थोडे आणि टिकले त्यांना स्पर्धक नाहीत.

या विषयाचा पाया ज्यांनी घातला त्या चेक शास्त्रज्ञाचे नाव व्होयेन लोझेक. १९२५ ते २०२० असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या लोझेक यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातील आणि स्लोव्हाकियातील असंख्य खाणी, कपारी, गुहांची तोंडे आणि झऱ्यांचे चुनेरी थर खणून त्यांतील शंख मोजले आणि १९६४ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ सिद्ध केला. प्युपिला लोएसिका हे नावही त्यांचेच. ती जात त्यांनी १९५४ मध्ये लोएसमधील शंखांवरून वर्णन केली. तेव्हा ती केवळ जीवाश्म होती, आणि जिवंत गोगलगाय कोणी पाहिलेली नव्हती. हिमयुगाबरोबर ती संपली असे मानणे स्वाभाविक होते.

मग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मध्य आशियाच्या पर्वतांतून आणलेल्या गोगलगायी जर्मन संशोधकांनी तपासल्या आणि त्यांत हीच प्युपिला लोएसिका निघाली, तीही जिवंत. पुढे ब्रनो येथील मासारिक विद्यापीठाच्या मिखाल होर्साक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण सायबेरियातील अल्ताई पर्वतात पद्धतशीर पाहणी केली, तेव्हा व्हॅलोनिया टेन्युइलॅब्रिस आणि कोलुमेला कोलुमेला याही तेथे सुखाने नांदताना आढळल्या. अल्ताईचा हिवाळा कडक आहे, पाऊस थोडा आहे आणि उन्हाळा आखूड आहे. हिमयुगातील मध्य युरोपाच्या जवळ जाणारे हवामान आज कोठे शोधायचे तर ते अशाच ठिकाणी. या पाहणीचा खरा लाभ जिवंत जीवाश्म सापडण्यापुरता नव्हता. या गोगलगायी अल्ताईत सपाट गवताळ मैदानापुरत्याच राहत नाहीत, हे तेथे कळले. त्या झुडपांच्या ओलसर पट्ट्यात, पाणथळ गवतात आणि विरळ वृक्षांच्या उतारांवरही राहतात. म्हणजे मोराव्हियातील लोएसच्या भिंतीत त्यांचे शंख एकत्र मिळाले म्हणून तेथे क्षितिजापर्यंत एकसारखे थंड माळरान होते, असे मानण्याची गरज उरत नाही. त्या प्रदेशातही गवत, झुडपे, ओल आणि तुरळक झाडे यांची गोधडी असावी. भूतकाळ समजण्यासाठी दुसऱ्या खंडावरचा वर्तमानकाळ पाहण्याची ही युक्ती मला फार आवडते, मात्र ती मर्यादेत वापरावी लागते, कारण अल्ताईचे अक्षांश आणि हिमयुगीन युरोपातील धूळ यांची जोडी आज कोठेच जुळून येत नाही.

सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी थंडीचा शेवटचा झटका ओसरला आणि होलोसीन, म्हणजे आपला सध्याचा काळ, सुरू झाला. हवा झपाट्याने उबदार झाली, पण गोगलगायींच्या वस्त्या त्या वेगाने बदलल्या नाहीत. इंग्लंडच्या केंट परगण्यातील थरांवरून हा क्रम विशेष स्पष्टपणे वाचता येतो. तेथे मायकेल केर्नी, रिचर्ड प्रीस आणि चार्ल्स टर्नर यांनी १९८० मध्ये शंखांवरून काळाचे टप्पे पाडले आणि त्यांना अक्षरे दिली. पुढे फोकस्टन गावाजवळ इंग्लिश खाडीखालच्या रेल्वे बोगद्याचे काम सुरू होण्याआधी होलीवेल कूम या दरीत मोठे उत्खनन झाले आणि तेथील चुनेरी थरांनी या टप्प्यांना भक्कम आधार दिला.

सर्वांत खाली उघड्या जमिनीवरच्या गोगलगायी दिसतात. त्यांच्यावरच्या थरांत कॅरिकियमसारख्या, जेमतेम दोन मिलिमीटरच्या, ओल्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या जाती वाढू लागतात. याचा अर्थ झाडे आली आहेत आणि त्यांच्या पानांचा थर जमिनीवर साचू लागला आहे. त्यानंतर डिस्कस रुडेराटस येते. सहा-सात मिलिमीटर रुंदीची, चपटी, बारीक शिरा असलेली, तपकिरी रंगाची ही गोगलगाय थंड प्रदेशातील जंगलात कुजणाऱ्या ओंडक्यांच्या सालीखाली राहते. काही काळ तिचे राज्य चालते आणि मग तिची जवळची नातलग डिस्कस रोटुंडाटस येते. दोघी दिसायला सारख्या, पण रोटुंडाटसच्या शंखाची कड जरा टोकदार असते आणि जिवंतपणी तिच्यावर तांबूस पट्टे असतात. रोटुंडाटस वाढत जाते तशी रुडेराटस घटते आणि अखेर ब्रिटनमधून पूर्णपणे नाहीशी होते. आज ती स्कँडिनेव्हियात आणि आल्प्स, कार्पेथियनसारख्या पर्वतांच्या थंड जंगलांत आहे. नातलगाने तिला हुसकावले की उबेने, हे एका थरावरून ठरवता येत नाही. मला दोन्ही कारणे एकत्र असण्याची शक्यता जास्त वाटते. महत्त्वाचे हे की मध्य युरोपातही हीच अदलाबदल दिसते, त्यामुळे थरात ‘रुडेराटस’ दिसली की जाणकार तो होलोसीनच्या पूर्वार्धातील आहे असा अंदाज बांधतात.

येथे एक रास्त शंका येते. गोगलगाय इतकी मंद, तर ती दक्षिणेकडून इंग्लंडपर्यंत पोहोचली कशी? समजा एखादी जात वर्षाला दहा मीटर पुढे सरकते. अशा वेगाने संपूर्ण होलोसीनमध्ये ती केवळ ११७ किलोमीटर जाईल. प्रत्यक्षात जाती याहून कितीतरी लांब गेल्या, म्हणजे त्या चालत गेल्या नाहीत. पुरात वाहणाऱ्या काडीकचऱ्यात त्या असतात, जनावरांच्या केसांना आणि पक्ष्यांच्या पिसांना चिकटतात, आणि पक्ष्यांच्या पोटातूनही प्रवास करतात. जपानच्या हाहाजिमा बेटावर चष्मेवाला आणि बुलबुल या पक्ष्यांना तेथील एक इवली गोगलगाय खाऊ घालून पाहिले, तेव्हा सुमारे १५ टक्के गोगलगायी पचनमार्गातून जिवंत बाहेर पडल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातील एकीने तर बाहेर पडल्यावर लवकरच पिल्लांना जन्म दिला. शिवाय बहुतेक जमिनीवरच्या गोगलगायी उभयलिंगी असतात आणि लहान आकाराच्या अनेक जातींत एकटी गोगलगायही प्रजनन करू शकते. एक प्रवासी पोहोचला तरी वस्ती उभी राहू शकते. प्रवासाची अशी लॉटरी असल्यामुळेच जाती झुंडीने न येता एकेकट्या आल्या, आणि शेजारच्या दोन दऱ्यांतही त्यांचा क्रम हुबेहूब सारखा नसतो.

ब्रिटनच्या बाबतीत वेळेलाही महत्त्व होते. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि ब्रिटन मुख्य भूमीला जोडलेले होते. सुमारे ८,००० वर्षांपूर्वीपर्यंत हा भूभाग पाण्याखाली गेला. ज्या जाती त्याआधी पोहोचल्या त्यांना दार उघडे मिळाले; नंतरच्यांना समुद्र ओलांडावा लागला.

सगळ्याच जाती दूर दक्षिणेकडून आल्या, असेही नाही. जुना समज असा होता की हिमयुगात जंगलातील जीव इबेरिया, इटली आणि बाल्कन या तीन दक्षिणी द्वीपकल्पांतच तग धरून राहिले. २०१४ मध्ये लुत्सी युरिचकोव्हा, यित्का होराचकोव्हा आणि व्होयेन लोझेक यांनी मध्य युरोपातील, विशेषतः पश्चिम कार्पेथियन पर्वतातील, ऐन हिमयुगाच्या थरांतून जंगली गोगलगायींचे शंख दाखवून दिले. जंगली गोगलगाय म्हणजे सावली, ओल आणि पालापाचोळा, आणि गोगलगाय उडून येत नसल्यामुळे ही सावली त्याच दरीत असणार. येथे शंखांची स्थानिकता कामी आली. केवळ पराग असता तर तो लांबून उडून आला असे म्हणून हा पुरावा बाजूला ठेवता आला असता.

होलोसीनच्या मध्यावर जंगलातील गोगलगायींच्या वस्त्या सर्वांत समृद्ध झाल्या. झऱ्यांकाठी चुना भराभर साचत होता, पावसाळी आणि उबदार हवेत दाट पर्णझडी अरण्ये पसरली होती आणि कुजलेल्या लाकडाच्या आश्रयाने कितीतरी जाती एकाच उतारावर राहत होत्या. उघड्या जमिनीवरच्या गोगलगायींसाठी मात्र हाच सर्वांत कठीण काळ. जंगलाने त्यांची जागा व्यापली होती. तरीही चेक प्रजासत्ताकातील मध्य बोहेमियाच्या आणि दक्षिण मोराव्हियाच्या कोरड्या सखल भागांत काही माळरानी जाती आजवर सलग टिकून आहेत, याचे कोडे लोझेक यांनी असे उलगडले : जंगल पूर्ण बंद होण्याआधीच, सुमारे ७,५०० वर्षांपूर्वी, पहिले शेतकरी या सुपीक लोएसवर आले, त्यांनी झाडे तोडली आणि गुरे चारली, आणि त्यामुळे सूर्यप्रकाशातील तुकडे कधी मिटलेच नाहीत. हिमयुगातून उरलेल्या गोगलगायींचा वाली गुराखी ठरला, असे म्हणावे लागते.

इंग्लंडमध्ये जॉन इव्हान्स यांनी हीच माणसाची पावले शंखांतून शोधली. एव्हबरी या प्राचीन स्थळाजवळ साउथ स्ट्रीट नावाचा नवाश्मयुगीन लांबट ढिगारा आहे. तो उभारताना खालची जमीन मातीखाली जशीच्या तशी गाडली गेली. १९६० च्या दशकात पॉल अ‍ॅशबी आणि इव्हान्स यांनी तो खणला तेव्हा त्या जमिनीवर नांगराच्या आडव्या-उभ्या रेषा स्पष्ट दिसल्या. खालच्या थरातील शंख जंगलातले होते, त्यावरच्या थरांत ते उघड्या जमिनीचे झाले. कुऱ्हाडीने झाडे पडली, नांगर फिरला, मग गवत उगवले, आणि हे सगळे ढिगारा उभा राहण्याआधी घडले, हा क्रम तीन-चार मिलिमीटरच्या शंखांनी नोंदवून ठेवला होता. पुढच्या काळात इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांवर व्हॅलोनिया आणि प्युपिला पुन्हा भरभरून दिसू लागतात, जणू हिमयुग परत आले आहे. प्रत्यक्षात परतली असते ती फक्त मोकळी जमीन. शंखांच्या पुराव्यात ही गफलत सहज होऊ शकते, म्हणून व्हॅलोनिया दिसली की थंडी होती, असा सरळ निष्कर्ष काढायचा नसतो; कोणती व्हॅलोनिया आणि तिच्या संगतीला कोण, हे पाहावे लागते.

उत्तर बोहेमियातील वालुकाश्माच्या प्रदेशात वेगळीच गोष्ट घडली. आज तेथील पाइन वृक्षांखालची जमीन आम्लधर्मी आहे आणि गोगलगायी विरळ आहेत. पण खडकांच्या कपाऱ्यांखाली साचलेल्या जुन्या थरांत चुना मागणाऱ्या कितीतरी जातींचे शंख सापडतात. हिमयुगातील धुळीने या वालुकाश्मावर चुनायुक्त थर अंथरला होता आणि त्याच्या जोरावर समृद्ध जंगल वाढले. हजारो वर्षांच्या पावसाने तो चुना झिरपून गेला आणि त्यात माणसाने केलेल्या जंगलतोडीची भर पडली. लोझेक यांच्या मते ही घसरण कांस्ययुगाच्या अखेरीस विशेष तीव्र झाली. येथे हवामान बदलले म्हणून गोगलगायी गेल्या नाहीत, पायाखालची माती संपली म्हणून गेल्या. अर्थात शंख न सापडणे आणि शंख विरघळून जाणे यांत भेद करणे अवघड असते, त्यामुळे अशा ठिकाणी चुना टिकून राहिलेल्या कपारींतलाच पुरावा विश्वासार्ह मानतात.

माणसाने नुसती जमीन मोकळी केली नाही, गोगलगायीही हलवल्या. केंटच्या टप्प्यांतील शेवटचा टप्पा बागेतल्या तपकिरी गोगलगायीच्या, कॉर्नू अ‍ॅस्पर्समच्या, आगमनाने ओळखला जातो, आणि ती ब्रिटनमध्ये रोमन काळात पोहोचली असे मानले जाते. आयर्लंडची कथा याहून जुनी असू शकते. तेथील सेपिया नेमोरॅलिस या रंगीत पट्ट्यांच्या गोगलगायींची जनुके जवळच्या ब्रिटनपेक्षा फ्रान्स-स्पेन सीमेवरील पिरिनीज पर्वतातील गोगलगायींशी जुळतात, असे नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. सुमारे ८,००० वर्षांपूर्वी समुद्रमार्गे येणाऱ्या शिकारी-संग्राहक माणसांनी त्या, कदाचित शिदोरी म्हणून, बरोबर आणल्या असाव्यात असा त्यांचा तर्क आहे.

मग हिमयुगातील मूळ मंडळी आज आहेत तरी कोठे? कोलुमेला कोलुमेला स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेस आणि आल्प्सच्या उंच उतारांवर आहे. व्हर्टिगो गेयेरी ही दोन मिलिमीटरपेक्षाही लहान गोगलगाय चुनायुक्त झऱ्यांच्या दलदलीत टिकली आहे, कारण जमिनीखालून येणारे पाणी उन्हाळ्यात थंड राहते आणि हिवाळ्यात गोठत नाही. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास संरक्षण निर्देशात तिचे नाव आहे. अटलांटिकपलीकडे अमेरिकेच्या आयोवा राज्यात हाच प्रकार खडकांच्या उतारांवर दिसतो. तेथे डोंगराच्या पोटातील बर्फावरून येणारा गार वारा उन्हाळाभर फटींतून बाहेर पडतो आणि त्या गारव्यात डिस्कस मॅक्लिंटोकी राहते. ती १९२८ मध्ये जीवाश्म म्हणून वर्णिली गेली, १९५५ मध्ये जिवंत सापडली आणि १९७८ पासून संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. तिच्यासाठी हिमयुग त्या फटींपुरतेच शिल्लक आहे.

लोएसच्या ताटलीत प्युपिला मस्कोरम आणि प्युपिला लोएसिका यांचे शंख एकमेकांना खेटून पडलेले असतात. दोन्ही पिंपाच्या आकाराचे, तीन मिलिमीटरच्या आसपासचे, आणि शंखाच्या तोंडाची ठेवण व पृष्ठभागावरच्या रेषा भिंगाखाली बारकाईने न्याहाळल्याखेरीज वेगळे न ओळखता येणारे. त्या एकाच गवतात चरल्या आणि एकाच धुळीखाली गाडल्या गेल्या. मस्कोरमचे वंशज आजही युरोपातील कोरड्या कुरणांत आणि समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर आहेत. लोएसिकाचे वंशज पाहायचे तर मोराव्हियातून पूर्वेकडे चार हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून अल्ताईच्या उतारावर जावे लागते.